सावली दोन दिशांना पडते: चूक की मुद्दाम? (एका शाईचित्राबद्दल)

बलकांव

नमस्कार मंडळी. घरात एका समकालीन गोमंतकीय चित्रकाराचं अतिवास्तव (सररिअल) शैलीतलं शाईचित्र आहे. त्यांनी स्वतःच्या चित्रांवर बोलायचं नाही असं ठरवलेलं आहे, म्हणून नाव देत नाही आणि त्यांना विचारताही येत नाही. प्रश्न चित्राचाच आहे.

कागद १५ × २२ इंच, आडवा, जाड (चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा), गुळगुळीत. फक्त काळी शाई. खाली खाजनाचा (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीचा) बांध, मधोमध मानस (बांधातली पाणी सोडायची मोरी), तिची लाकडी दारं अर्धी उघडी. मानशीच्या वर हवेत एक भलीमोठी चोणक (खाडीतला मासा) तरंगतेय, डोळा अगदी गोल आणि कोरा. उजवीकडे चुना लावलेला एक खांब. समोर, म्हणजे बघणाऱ्याच्या बाजूला, एक खुर्ची. चोणकीच्या डावीकडे घागर, तिच्याही पलीकडे एक शिडी. ही शिडी कशालाच टेकलेली नाही, तरी उजवीकडे झुकून उभी आहे. अगदी डाव्या टोकाला शिंपल्यांची (काचेऐवजी शिंपले बसवलेली) जुनी खिडकी, भिंत नाही, नुसती चौकट चिखलात रोवलेली.

खांबाची सावली उजवीकडे पडते, घागरीची डावीकडे, खुर्चीची पुढे. शिडीची मात्र उजवीकडे, म्हणजे चोणकीच्या दिशेने. ही चूक म्हणायची की मुद्दाम केलेलं? आणि "अतिवास्तव आहे, काहीही चालतं" हे उत्तर मला पटत नाही, ते आधीच सांगून ठेवतो.

पोफळ

काहीही चालतं असं नाही, पण चूक-बरोबर हा निकष तरी इथे का लावायचा? अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा १९२४ चा, आणि आंद्रे ब्रेतोंने त्यात व्याख्याच केली ती मनाच्या स्वयंचलनाची: बुद्धीचा पहारा उठवून जे उमटेल ते. त्याच पंथातल्या आंद्रे मासोंची त्याच सुमाराची शाईचित्रं बघा. हात कागदावर मोकळा सोडलाय, रेघ फिरत फिरत कुठे मासा होते, कुठे हात. तिथे सावली मोजत बसाल का?

रेघोट्या

पोफळभाऊ, मासोंचं बरोबर, पण ती एक वाट झाली. दुसरी वाट मॅग्रित आणि दालीची. तिथे एकेक वस्तू शाळेतल्या वस्तुचित्रणासारखी नेमकी काढलेली असते आणि विचित्रपणा असतो तो फक्त त्यांच्या शेजारात. दालीचं वितळत्या घड्याळांचं १९३१ चं चित्र जेमतेम २४ × ३३ सेंमी आहे. एवढ्याशा जागेत खडकाच्या कडा, झाडाची फांदी सगळं चोख आहे, म्हणून घड्याळ लोंबतं तेव्हा पोटात खड्डा पडतो. खडकही वितळलेला असता तर कुणाला काही वाटलं नसतं.

बलकांव यांनी वर्णन केलंय ते चित्र दुसऱ्या वाटेचं दिसतं. तेव्हा सावलीचा हिशेब मागायचा हक्क बघणाऱ्याला आहे.

मांडवीतीर

चित्रकार दे किरिकोचं १९१४ चं ते रस्त्याचं चित्र आठवलं, चक्र फिरवत धावणारी मुलगी आणि कोपऱ्यामागून येणारी सावली. त्यात डाव्या इमारतीच्या रेषा एका बिंदूला मिळतात, उजवीच्या दुसऱ्याच ठिकाणी, आणि मधली गाडी तिसरंच सांगते. अतिवास्तववाद्यांच्या दहा वर्षं आधीचं काम, त्यांनी ते डोक्यावर घेतलं. यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) मुद्दाम मोडायचं तर कसं मोडायचं याचा तो नमुना: प्रत्येक वस्तू स्वतःपुरती बरोबर, एकत्र मात्र अशक्य.

शाईदौत

मोजूनच टाका ना. चित्रावर नको, चित्राचा सरळ समोरून फोटो काढून मोठा छापा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर लावा. फोटो तिरका आला तर सगळं मोजमाप वाया, म्हणून कॅमेऱ्याची उंची चित्राच्या मध्याइतकी ठेवा आणि फ्रेमच्या समोरासमोरच्या कडा स्क्रीनवर समांतर आहेत का ते बघा.

मग पहिला टप्पा. प्रत्येक उभ्या वस्तूचा तळ आणि तिच्या सावलीचं टोक जोडून रेषा मागे वाढवा. उजेड सूर्याचा असेल तर या जमिनीवरच्या रेषा क्षितिजावर एका बिंदूला मिळतील, किंवा सूर्य अगदी बाजूला असेल तर समांतर राहतील. उजेड दिव्याचा असेल तर त्या क्षितिजाच्या खाली, जमिनीवरच एका ठिकाणी मिळतील. ते दिव्याचं पाऊल, म्हणजे दिव्यातून ओळंबा सोडला तर तो जिथे टेकेल ती जागा. दुसरा टप्पा: सावलीचं टोक आणि वस्तूचा माथा जोडून रेषा वर वाढवा. त्या मिळतील तिथे खुद्द दिवा. पाऊल आणि दिवा एकाच उभ्या रेषेत आले तर समजा चित्रकाराने हिशेब केलाय.

दिवा वस्तूंच्या मध्ये असेल तर सावल्या चारी दिशांना पडणारच. खांबाची उजवीकडे, घागरीची डावीकडे यात मुळात विरोध नाहीच.

झरी

वा. वाचनखूण साठवली.

कुळागर

शाईदौतताई, एक भर. शिडी झुकलेली आहे, तिला हा नियम थेट लावू नका. झुकलेल्या वस्तूची सावली तिच्या पायांपासून सुरू होते खरी, पण तिची दिशा दिव्याच्या पावलाकडून येत नाही. आधी शिडीच्या माथ्यावरून जमिनीवर ओळंबा सोडायचा. शिडी कागदाला समांतर झुकली असेल, म्हणजे तिच्या पायऱ्या आपल्याकडून आत जाताना दिसत असतील, तर ओळंबा तिच्या पायांच्याच आडव्या रेषेवर पडेल. मग तो ठिपका आणि माथ्याच्या सावलीचं टोक जोडायचं. नुसते पाय धरले तर बरोबर काढलेली सावलीही चुकीची वाटते. बहुतेक वेळा फसगत इथेच होते.

घागरीच्या बाबतीतही बुडाची कड धरू नका. तोंडाच्या मधल्या बिंदूखाली जमिनीवर जो बिंदू येतो तो धरा.

बलकांव

शाईदौत, कुळागर, दोघांचेही आभार. आज रात्रीच करतो.

दरम्यान दुसरी अडचण. चित्राच्या डाव्या अंगाला, शिडी आणि घागरीच्या आसपास, बारीक ठिपके दिसतात. ते ठिपक्यांचं काम आहे की बुरशी, हे काचेबाहेरून कळत नाही. चित्र पश्चिमेच्या भिंतीवर आहे, भिंत चिऱ्यांची (जांभ्या दगडाची), बाहेरून गिलावा नाही.

शाईदौत

पश्चिमेची उघडी चिऱ्यांची भिंत! मोजमाप राहू दे, आधी चित्र तिथून उतरवा. गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि तो पश्चिमेकडून येऊन त्याच भिंतीवर आपटतो. चिरा सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो. आतली बाजू कोरडी वाटली तरी फ्रेमच्या मागे कोंडलेली हवा ओली असते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की कागदावर बुरशी धरते, आणि जुलैत आपल्याकडे ती ८५ च्या पुढे असते.

घराच्या आतल्या भिंतीवर लावा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि फ्रेम यांत १० ते १५ मिमी फट हवी, हवा खेळायला. ट्यूबलाइट समोर नको.

पोफळ

फ्रेममध्ये डांबरगोळ्या टाकल्या तर? कसर तरी लागणार नाही.

शाईदौत

अजिबात नको. बंद जागेत ती वाफ काही प्लॅस्टिकांना आणि रंगांना खराब करते, आणि बुरशी रोखायचा तो भरवशाचा उपाय नव्हे. कसर ओल आणि खळ यांच्या मागे येते. ओल घालवली की अर्धं काम होतं.

वायंगण

फ्रेमच्या आत काय आहे त्यावर बरंच ठरतं. बाजारात सरसकट मागे हार्डबोर्ड किंवा प्लायवूड लावतात आणि चित्र सेलोटेपने माउंटला (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याला) चिकटवतात. दोन्ही वाईट. लाकडातलं आम्ल कागदात उतरतं आणि कागद तपकिरी होतो. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, तो डाग पुढे निघत नाही.

बरोबर पद्धत अशी. काच, मग दीड मिमी जाडीचा आम्लमुक्त माउंट खिडकी कापून, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. टेकली तर काचेच्या आत धरलेलं दव थेट शाईवर. मग चित्र, त्यामागे आम्लमुक्त बोर्ड, त्यामागे पॉलिथिन किंवा फॉइलचा थर आणि शेवटी पाठ. चित्र चिकटवायचं ते फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी. चारी बाजूंनी डकवलं तर पावसात कागद फुगतो, त्याला सरकायला जागा राहत नाही, आणि मधे लाटा येतात.

पट्ट्यांना खळ गव्हाच्या सत्त्वाची: एक भाग सत्त्व, चार भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवायची, गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा काढायची. मैद्याची करू नका, त्यातलं ग्लूटेन पिवळं पडतं. खळ पट्टीला अगदी पातळ लावा, टिपकागदात दाबा आणि वजनाखाली पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात ओली पट्टी तशीच बंद केली तर बुरशीला जेवण वाढल्यासारखंच.

झरी

म्हणजे चतुर्थीच्या मखराला करतो तीच खळ, फक्त गाळलेली. :)

वायंगण

जवळजवळ तीच, झरीबाई. मात्र मोरचूद घालायची जुनी सवय इथे नको, तांब्याचे क्षार कागद खातात.

रेघोट्या

ठिपके शाईचे की बुरशीचे हे काचेतूनही कळू शकेल. दहापट भिंग घ्या. ते साधारण अडीच सेंमी अंतरावर नेमकं दिसतं, दोन मिमी काच आणि दीड मिमी माउंट मधे असले तरी चालून जातं. खोलीतले दिवे बंद करा आणि एक टॉर्च काचेवर अगदी तिरका धरा, १५-२० अंशांत, म्हणजे स्वतःचं प्रतिबिंब मधे येत नाही.

रंगद्रव्याच्या पेनचा ठिपका गोल, काळा, कडा स्वच्छ. त्याच पेनचे ठिपके साधारण एकाच मापाचे: ००५ नंबरच्या पेनची रेघ ०.२ मिमी, ०१ ची ०.२५, ०५ ची ०.४५. बुरशीचे किंवा तांबूस डागांचे ठिपके वेगवेगळ्या मापांचे, कडा पसरट, रंग तपकिरी किंवा राखाडी. जिवंत बुरशी असेल तर तिरक्या उजेडात लव दिसते. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च मारलात तर तांबूस डाग बहुधा फिके पिवळे चमकतात, कार्बनची काळी शाई काळीच राहते. टॉर्च दहा-बारा सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, कागदाला तो उजेड बरा नाही.

बुरशी निघालीच तर ओल्या फडक्याने पुसायला जाऊ नका, ती कागदात घुसते. आधी कोरड्या हवेत पूर्ण सुकू द्या, मग तोंडाला एन-९५ लावून, घराबाहेर, मऊ कुंचल्याने झटका.

मांडवीतीर

अवांतर: फ्रॉताजबद्दल कुणी बोललंच नाही. माक्स अर्न्स्टने १९२५ च्या ऑगस्टमध्ये जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि लाकडाच्या शिरांतून जंगलं, पक्षी काढले. पुढच्या वर्षी त्याचा ३४ पानांचा संच निघाला. आपल्याकडे त्याला सामान भरपूर: जुन्या घराच्या फणसाच्या फळ्या, चिऱ्याचा कापलेला पृष्ठभाग, मानशीच्या दाराचं पाणी खाल्लेलं लाकूड. कागद पातळ घ्या, ७० ते ९० ग्रॅमचा, आणि पेन्सिल ६बी, आडवी धरून. ३०० ग्रॅमच्या कागदावर चिऱ्याची भोकं उमटतात, लाकडाच्या शिरा उमटत नाहीत. जून ते सप्टेंबर प्रयत्न सोडा, कागद ओला असतो आणि घासताना लव निघते.

पोफळ

हेच म्हणत होतो, नशिबावर सोडणं हा या पंथाचा गाभा आहे.

रेघोट्या

अर्न्स्टनेही घासून झाल्यावर निवड केलीच, पोफळभाऊ. कुठली शीर ठेवायची, कुठली झाकायची, डोळा कुठे काढायचा. नशिबाने दिलं ते कच्चं सामान.

अवांतर सुरूच आहे तर शाईबद्दलही. ओल्या दिवसांत कागदाचं सायझिंग (शाई पसरू नये म्हणून कागदाला दिलेला लेप) मऊ पडतं, शाई रेघेबाहेर फुटते आणि टाकाचं टोक तंतू उपटतं. प्रत्येक बैठकीआधी त्याच कागदाच्या कापलेल्या पट्टीवर दहा रेघा मारून बघाव्यात. फुटत असतील तर त्या दिवशी काम नको. तळहाताखाली नेहमी कोरा कागद, घामाचा डाग उमटतो तो महिन्यांनी. स्टीलची टाकं आपल्या खाऱ्या हवेत रात्रीत गंजतात, धुऊन, पुसून, सिलिका जेलच्या डबीत ठेवायची. नव्या टाकावर तेलाचा हात असतो, साबणाने धुतल्याशिवाय शाई धरत नाही. आणि लाखेची वॉटरप्रूफ शाई तांत्रिक पेनमध्ये कधीच भरू नये. सुई अडकली की पेन गेलंच.

बलकांव

ट्रेसिंग झालं. तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच केलं.

खांब, घागर आणि खुर्ची यांच्या जमिनीवरच्या तिन्ही रेषा मागे वाढवल्या तर त्या एका बिंदूला मिळतात. तो बिंदू मानशीच्या उंबऱ्यावर आहे. माथ्यांच्या रेषा वर वाढवल्या तर त्या मिळतात चोणकीच्या डोळ्यात. डोळा आणि उंबरा एकाच उभ्या रेषेत. म्हणजे या चित्रात दिवा म्हणजे तो कोरा डोळा.

शिडीला कुळागर यांची दुरुस्ती लावली, माथ्यावरून ओळंबा सोडला. तरीही सावलीचं टोक ओळंब्याच्या उजवीकडेच पडतं. डोळ्याच्या उजेडाने ते डावीकडे पडायला हवं. शिडी बसत नाही म्हणजे नाहीच.

कुळागर

डोळाच दिवा! आणि पाऊल मानशीवर. मानशीची दारं ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर उघडतात आणि भरतीला नदीच्या दाबाने आपोआप बंद होतात, माणसाने हात लावायचा नसतो. स्वयंचलन हवं होतं ना, पोफळ? आपल्या पूर्वजांनी ते लाकडात करून ठेवलंय. अर्धी उघडी दारं म्हणजे ओहोटी लागतेय, आणि खाऱ्या-गोड्या पाण्यात फिरणारी चोणक नेमकी त्याच जागी टांगलीय. हे चित्र खाजन जाणणाऱ्या माणसाचं आहे.

पोफळ

हे आवडलं. मासोंचा हट्ट सोडला.

वायंगण

शिडीची सावली उजवीकडे म्हणजे उजेड डावीकडून. डावीकडे आहे काय? शिंपल्यांची खिडकी.

शाईदौत

खिडकी असू शकते, पण मग सावलीचा पोत वेगळा हवा. शिंपल्यातून उजेड गाळून, पसरून येतो, म्हणून तर आपल्या जुन्या घरांत त्या खिडकीपाशी सावली जवळजवळ पडतच नाही. उजेडाचा उगम मोठा असेल तर सावलीची कड वस्तूच्या पायाशी नेमकी असते आणि दूर जाता जाता विरघळते. डोळा बिंदूएवढा, त्याच्या सावल्यांच्या कडा शेवटपर्यंत धारदार. शिडीची सावली धारदार असेल तर खिडकीचा तर्क बाद, आणि मी चूकच म्हणेन.

बलकांव, शिडीची सावली रेघांनी भरलीय की ठिपक्यांनी?

बलकांव

रेघोट्या यांनी सांगितल्याप्रमाणे दिवे घालवून, तिरका टॉर्च आणि भिंग घेऊन बसलो. चित्र आता आतल्या भिंतीवर आहे, मागे बूचही लावलं.

खांब, घागर, खुर्ची: तिन्ही सावल्या रेघांच्या आडव्या-उभ्या जाळीने भरलेल्या, बाहेरची कड एका सलग रेघेने बांधलेली. शिडीची सावली पूर्णपणे ठिपक्यांची. पायाशी ठिपके इतके दाट की जवळजवळ काळं, माथ्याकडे विरळ होत होत कागदात जिरतात, कड कुठेच नाही. ठिपके सगळे एका मापाचे, गोल, काळे. अतिनील उजेडात काळेच राहिले. बुरशी नाही. माउंटच्या खालच्या कोपऱ्यात मात्र तीन पिवळसर डाग चमकले, ते खरे. पाऊस सरला की फ्रेम उघडून माउंट बदलीन.

शाईदौत

मग ती खिडकीच. शाई दोन तऱ्हांनी लावलीय कारण उजेड दोन आहेत.

रेघोट्या

थांबा. खिडकीचा उजेड शिडीवर पडतो तर शेजारच्या घागरीवरही पडायला हवा. घागरीला डावीकडे जाळीची कडक सावली आहे, तशी उजवीकडे ठिपक्यांची एक मऊ सावलीही हवी, फिकी, कारण ती जागा खिडकीपासून लांब आणि डोळ्याच्या जवळ आहे. ती नसेल तर चित्रकाराने खिडकी शिडीपुरतीच वापरली आणि हिशेब अर्धवट सोडला.

बलकांव

बघतो.

बलकांव

आहे. घागरीच्या उजव्या अंगाला, बुडाला लागून, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. मोजले, एकोणीस ठिपके. नुसत्या डोळ्यांनी तो कागदाचा मळ वाटतो.